भाईजानचा घ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्याजवळ पोटातलं सगळं ओततो त्या दोस्तालाही नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. बघतो.

बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगाव या गावात आमचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आमचं म्हणजे थोरल्या भावाचं, भाईजानचं. मला इंजिनातलं फारसं कळत नाही. मी पाने-पक्कड हातात देतो, सामान आणतो आणि बोलतो. बोलणं हेच माझं खरं काम. भाईजानना ऐकू येत नाही. लहानपणी मोठा ताप आला, कान गेले, आणि हळूहळू बोलणंही गेलं. मी तेव्हा पाळण्यात होतो. म्हणजे पुढं मी बोलायला लागलो ते दोघांच्या वाटचं.

लिहायला ते मूकबधिरांच्या शाळेत शिकले. घरात आमची बोली दखनी, पण शाळा मराठी, त्यामुळं कागदावर भाईजान मराठीच. शब्द मोजके, आणि धार अशी की हात कापावा. एका गिऱ्हाइकासाठी त्यांनी लिहिलं होतं, ‘गाडी धुवत नाही. म्हैस बरी.’ मी त्या माणसाला सांगितलं, भाईजान म्हणतात, गाडीला जरा जपा. असं मी आयुष्यभर केलं. त्यांचं तिखट, माझी साखर.

त्यांचं अक्षर माझ्याशिवाय फारसं कुणाला लागायचं नाही. आपण अक्षरं काढतो आणि मग वर रेघ देतो ना? ते आधी रेघ ओढायचे — कपडे वाळत घालायची दोरी बांधावी तशी — आणि मग खाली एकेक अक्षर अडकवायचे. काही अक्षरं दोरीला लागायचीच नाहीत. घ सुटून ध व्हायचा, म सुटून भ. मला ते अक्षर फार आवडायचं. आवडायचं म्हणतोय मी — आणि पुढं काय केलं ते सांगायला जीभ रेटत नाही. सांगतो.

भाईजानची मुलगी सना पुण्याला कॉम्प्युटर शिकते. एका सुट्टीत ती एक टॅबलेट घेऊन आली, सोबत पेन. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी कॉलेजात काहीतरी बनवलं होतं. काचेवर पेनानं लिहायचं, ते यंत्र वाचणार आणि मोठ्यानं बोलणार. ती म्हणाली, हे अक्षराचं नुसतं चित्र ठेवत नाही, हाताची चाल ठेवतं. पेन कुठं टेकलं, कुठं वळलं, कुठं उचललं, सगळं साठवतं. जुनं लिहिलेलं उघडलं की अक्षरं परत एकेक करून उमटायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भाईजान नमाजला गेले होते, आणि इकडं काचेवर त्यांचा हात चालत होता. आधी दोरी, मग अक्षरं. मी किती तरी वेळ ते बघत बसलो.

पण यंत्राला त्यांचं अक्षर शिकवावं लागणार होतं. दिवसभराचं लिहिलेलं ते संध्याकाळी एकेक शब्द करून दाखवायचं, शेजारी स्वतःचा अंदाज. बरोबर असेल तर बरोबरची खूण दाबायची, चूक असेल तर फुली, आणि खरा शब्द टाकायचा. भाईजानचे हात ग्रीसचे, त्यात बसून तपासायचा त्यांना कंटाळा. सना जाताना मला म्हणाली, “चाचा, अब्बांचं अक्षर तुमच्याइतकं कुणालाच येत नाही. तुम्हीच शिकवा त्याला.”

पहिले काही दिवस मी इमानानं शिकवलं. ते शिकतही गेलं. मग एका दुपारी भाईजाननी लिहिलं, ‘टायर बदल’, आणि यंत्र पहिल्या झटक्यात बोललं, ‘टायर बदल.’ आवाज बाईचा, आणि समोर दाढीवाले भाईजान. गिऱ्हाइकानं सरळ त्यांच्याकडं बघून मान डोलावली. माझ्याकडं बघितलंच नाही. भाईजान हसले. ते हसतात तेव्हा त्यांचे खांदेसुद्धा हसतात.

मला आनंद झाला का? झाला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

त्या संध्याकाळी यंत्रानं ‘घासली’ हा शब्द दाखवला. बरोबर वाचला होता. मी फुली दाबली आणि ‘धासली’ असं टाकलं.

दुसऱ्या दिवशी परत. घ दिसला की ध शिकवायचा, म दिसला की भ. सगळंच बिघडवलं नाही — थोडंथोडं, कुणाला कळणार नाही इतपत. का? ते बोलायला लागले तर मी कोण, हा प्रश्न होता. आणि मी इतकी वर्षं साखर पेरत आलो हे उघडं पडलं असतं, तीही भीती. पण खरं सांगू? पहिलंच कारण मोठं होतं.

मग दिंद्रुडचा एकजण आला. ऊसतोडीला निघायचा होता, बायको-लेकरांना घेऊन त्याच गाडीवर. भाईजाननी ब्रेक बघितले आणि घाईघाईनं काचेवर लिहिलं, ‘ब्रेक घासले. मरशील.’

यंत्र बोललं, ‘ब्रेक धासले. भरशील.’

“भरीन की, भाई,” तो म्हणाला. “काय भरायचं ते सांगा. पेट्रोल लई हाय.”

दुकानात हशा झाला. भाईजानना हसू ऐकू येत नाही, पण तोंडं दिसतात. ते एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिले, मग काचेवर, स्वतःच्या अक्षराकडं आणि खाली यंत्रानं वाचलेल्या शब्दांकडं, आणि शेवटी माझ्याकडं. मी पुढं झालो आणि त्या माणसाला नीट समजावलं. ब्रेक बदलले गेले. आणि मला बरं वाटलं. माझी जागा मला परत मिळाली होती.

त्यानंतर भाईजाननी लेकरांची दुरेघी वही आणली. दुपारी दुकान निवांत असलं की गाडीच्या सीटवर वही ठेवून ते घ गिरवायचे. पानभर घ, मग पानभर म. पिकल्या दाढीचा माणूस, कानाला पेन्सिल लावलेली. भाभी मला म्हणाली, यांच्या हाताला काही झालं का, एकदा बीडला दाखवून आण. मी म्हटलं, हाताला काही न्हाई, वयानं होतं असं. म्हणजे दोष मी त्यांच्या हातावरच टाकला. पुढं त्यांनी आधी रेघ ओढणंही सोडलं. सगळ्यांसारखी मागून द्यायला लागले. तरी यंत्र चुकतच राहिलं, कारण रोज संध्याकाळी मी होतो ना.

शेवटी त्यांनी टॅबलेट फडक्यात गुंडाळला आणि कपाटात ठेवला. मला खुणेनं सांगितलं — यंत्र चांगलं आहे, मीच वाईट. मी मान हलवली. कशी हलवली, होकाराची की नकाराची, ते मलाही सांगता येणार नाही.

तो पुष्कळ महिने तसाच पडून होता. मग ईदला सना आली, आणि या वेळी राहिली. तिनं यंत्राचं आधीचं सगळं शिकणं पुसून टाकलं आणि स्वतः बापाजवळ बसून नव्यानं शिकवलं. सुट्टी संपायच्या आत ते वाचायला लागलं. ती म्हणाली, पहिल्या वेळी आमच्याच कामात काहीतरी खोट राहिली असणार, चाचा. मी म्हटलं, असंल. पोरीनं माझा दोषही स्वतःवर घेतला, आणि मी घेऊ दिला.

आता दुकानात ते यंत्र बोलतं. भाईजान गिऱ्हाइकांना जसंच्या तसं झापतात आणि लोक ते ऐकायला मुद्दाम थांबतात. माझ्या साखरेची गरज कुणालाच नव्हती.

पण ते नव्यानं सुरू झालं त्या पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. भाईजाननी मला जवळ बोलावलं. दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. हात पुसून त्यांनी सावकाश लिहिलं, पुन्हा वाचलं, एक शब्द खोडला, आणि मग बोलायचं बटण दाबलं. त्या बाईच्या आवाजात भाईजान मला म्हणाले, “अन्वर. लहानपणापासून तू माझं बोलला. लई थकला. आता आराम.”

माझे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, भावाची माया. मायाही होती, नव्हती असं नाही.

भाईजाननी माझ्या पाठीवर थाप मारली आणि परत इंजिनाकडं वळले. त्या फुल्यांचं मी त्यांना काही सांगितलं नाही. खुणेनंही नाही. तेव्हा नाही, आणि त्यानंतरही नाही.