कारखाना नसलेली शेड

आमचे हे कधी दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, तरी सगळी वस्ती त्यांना दारुडा म्हणायची. पाय अडखळायचे, बोलणं ओढत यायचं, चेहरा मख्ख. आणि मध्येच, काही कारण नसताना, हसू फुटायचं. "आजही लावून आले वाटते," शेजारीण मला ऐकू जाईल असं म्हणायची. माझं डोकं फिरायचं. एकदा तिला म्हटलं, "ये, तोंडाचा वास घेऊन पाह्य."

बालाघाटजवळ भरवेलीच्या रस्त्याला एका खाजगी शेडमध्ये ते मँगनीज दळायचे. ना खिडकी, ना पंखा. घरी आले की आंघोळीचं पाणी काळं व्हायचं, उशीसुद्धा काळी. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही भुकटी मेंदूत गेली आहे, हे सगळं तिच्यामुळेच, आता त्या शेडमध्ये पाऊल ठेवू नका. पण काम सोडायचं म्हटलं की हे एवढंच विचारायचे, "मंग खाचं काय?" म्हणून मी बालाघाटच्या सरकारी कचेरीत खेटे घातले. निदान भुकटी ओढून घेणारं यंत्र तरी बसवायला लावा, एवढंच माझं मागणं होतं.

शेवटी एक साहेब आले. नाकाला रुमाल लावून शेडमध्ये गेले आणि खोकतच बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "बाई, मजदूर इतने कम हैं कि कानून में ये कारखाना ही नहीं है. मालिक को समझा सकता हूँ, हुकुम नहीं दे सकता."

"कारखाना नाही, तर हे रोज कुठी जाते साहेब?" मी ओरडलेच. "तुमाले तर उभ्या उभ्या खोकला आला. तुमचा कायदा कोणाच्या नाकानं श्वास घेते?"

साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. मग ह्यांच्याकडे वळून मायेनं विचारलं, "आपको क्या तकलीफ है, भैया?"

आणि नेमके तेव्हाच हे हसले. मोठ्यानं, खांदे हलवत.

"देखिए साहब, मजे में है," शेडमालक म्हणाला आणि तोही हसला. साहेब जीपमध्ये बसून निघून गेले.

त्या संध्याकाळी मी चूल पेटवली नाही. "काहून हासले तुमी?" मी रागानं विचारलं. "तेवढी एकच वेळ होती आपली."

हे भिंतीला टेकून बसले होते. चेहऱ्यावर काहीच नाही. शब्द जुळवायला त्यांना बराच वेळ लागला.

"मी हासत नोव्हतो वं. मले रडू आलतं."

सकाळी त्यांनी डबा मागितला. काय करणार, भरून दिला.