काकूंच्या डोक्यावरचा मजला

बोलता बोलता शेवटच्या मजल्यावरच्या काकू मध्येच थांबायच्या आणि छताकडे बघायच्या. "गप जरा. सर फिरायलेत."

सर म्हणजे त्यांचे यजमान. मी त्यांना कधी पाहिलंच नाही. मी येण्याआधीच ते वारले होते. हयातीत रोज संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारायचे म्हणे. मला वरून कधी काही ऐकू आलं नाही, तरी काकू थांबल्या की माझा घास हातातच राहायचा.

वालूरहून परभणीला कॉलेजात आलो, तेव्हा मी त्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर खोली घेतली होती. पहिल्याच आठवड्यात काकूंनी जिन्यात अडवलं. "निस्त्या पोह्यावर शिकायलास का? संध्याकाळी वर येत जा." आमच्या घरात पहिली पदवी आली, ती त्यांच्या भाकरीवर.

मी शेवटच्या वर्षाला असताना एक बिल्डर आला. गच्चीवर मजला चढवायचा हक्क त्याला द्यायचा. बदल्यात तो लिफ्ट बसवणार, गळती काढणार. सगळ्या फ्लॅटमालकांची संमती हवी होती. एकट्या काकू अडून बसल्या.

"काकू, खरा फायदा तुमचाच. उन्हाळ्यात तुमचं छत तापणार नाही," बिल्डर म्हणाला.

"मला गरमी सोसती," काकू म्हणाल्या.

त्यांच्या समोरच्या दारात रिटायर पोस्टमास्तर राहायचे. त्यांच्या बायकोची एक बाजू अर्धांगानं गेली होती. दवाखान्यात न्यायचं म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून जिना उतरायचा. एकदा वळणावर खुर्ची कलली. बाई ओरडल्या नाहीत, डोळे तेवढे मिटले. काकू दारात उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी जेवताना त्या म्हणाल्या, "सरांना विचारलं मी. काहीच बोलंनात." दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली.

नोकरी लागल्यावर पेढे घेऊन गेलो. मजला उभा राहिला होता, वर बिऱ्हाडही आलं होतं. जिन्यासमोर लिफ्ट थांबली होती; पोस्टमास्तर बायकोची चाकाची खुर्ची आत घेत होते. काकूंनी दारातून त्यांना हात केला. घरात खरंच गारवा होता. वर लेकरं धावत होती, कुणीतरी पलंग सरकवत होतं. मान वर गेली ती माझी.

"सर?" मी विचारलं.

काकू माझ्या ताटात वाढत राहिल्या. "लोकाच्या घरातून कसे फिरतील रे ते? लय भिडस्त माणूस."