पित्ताचं निमित्त

कंधारच्या बाजारात पंढरी फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. गळती शोधता शोधता माणसांतही ती शोधायची खोड त्याला लागली होती. बायको महामाया म्हणायची, "तुमी भल्या माणसाचाबी वायसर काढून बघाल."

आता संशय दगडोबावर होता. गावाकडचा पाटील, शाळेपासूनचा दोस्त. दर बाजाराला दुकानामागच्या घरात बसून बशीतून फुर्रर्र चहा ओढणारा, वर "वैनी, साखरेला हात आखडू नका" म्हणणारा. दिवाळीपासून त्यानं कपाला हात लावला नव्हता. कधी उपास, कधी आत्ताच पिऊन आलो, आणि हल्ली कायमचं पित्त.

शेजारच्या बियाण्याच्या दुकानातला संगप्पा डोळे बारीक करून म्हणालाच, "काय पंढरी, पाटलानं तुझ्या घरचा चहा सोडला की काय?"

ते पंढरीला रुतलं. त्याच्या बापाचा तुटक्या कानाचा कप दगडोबाच्याच गोठ्याच्या वळचणीला ठेवलेला असायचा. वेगळा.

"पाणी तर तांब्याभर पितेत की," महामाया म्हणाली.

"पाणी उभ्या उभ्या पिता येतं. चहाला मांडीला मांडी लावावी लागती."

पुढच्या बाजाराला दगडोबा आला, तांब्या रिकामा केला, दुसरा मागितला. पंढरीनं त्याच्यापुढं चहा ठेवला.

"घे."

"पित्त हाय रं..."

"पित्त न्हाई. तुझ्या गोठ्यातला माझ्या बापाचा कप आठवतो का? खरं बोल, दगड्या."

दगडोबाचा चेहरा उतरला. त्यानं गुमान कप उचलला आणि तोंडाला लावला. महामायानं तो झडप घालून हिसकावला.

"ठेवा, भाऊ! सारखं पाणी, सारखं मोरीत. माझ्या आईचं अस्संच होतं. शुगर हाय ना?"

दगडोबानं दाराकडं बघितलं, मग मान हलवली. "हळू बोला, वैनी. सुकन्याची सोयरीक चालू हाय. बापाला शुगर म्हणलं की पोरीच्या रक्तात बघतेत लोकं. बिनसाखरेचा मागावा तर बाजारभर बोभाटा."

"मग मला तर सांगायचं, लेका!"

"पित्त म्हणलं की सगळ्यांना पित्तच वाटलं. तुलाच तेवढं दुसरं सुचलं." मग तोच पुटपुटला, "त्या सगळ्यांच्या बापाचा कप कुणी येगळा ठेवला नव्हता म्हणा."

पंढरी म्हणाला, "पुढच्या बारीला कोरा पिऊ. बिनसाखरेचा. दार लावून."

दगडोबा गेला. महामायानं भरला कप बाहेर नालीत ओतला, ते संगप्पानं बघितलं.

"आजबी न्हाई पिला ना?"

पंढरीनं पंप मांडीवर घेतला. "पित्त हाय त्याला."

"पित्त!" संगप्पा मांडीवर थाप मारून हसला. "लई भोळा हाईस रं तू."

पंढरी मान खाली घालून वायसर बसवत राहिला.