दोनशे चाळीस किलो आणि एक शिट्टी

कारखान्यात त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळ्यांसाठी तो शिट्टी. गेटवरचा रखवालदार शिट्टी म्हणायचा, कँटीनवाला शिट्टी म्हणायचा, आणि एकदा तर साहेबांनी त्याच्यावर काढलेल्या नोटिशीतही टायपिस्टनं सवयीनं तेच नाव ठोकून दिलं होतं. ती नोटीस त्यानं घेतलीच नाही. "शिट्टीला दिलीय ना, मग शिट्टीच्या गळ्यात बांधा," म्हणाला आणि कामाला लागला.

काम होतं क्रेनखाली उभं राहून इशारे द्यायचं. क्रेन चालवणारा वर केबिनमध्ये बसतो. खाली काय चाललंय ते त्याला अर्धंच दिसतं. म्हणून खाली एक माणूस लागतो, गळ्यात शिट्टी आणि डोळ्यांत तेल घातलेला. दहा टन लोखंड त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर वर जातं आणि खाली येतं. बत्तीस वर्षं त्यानं हे केलं. त्या बत्तीस वर्षांत त्याच्या पाळीत एकाचंही बोट गेलं नाही, आणि हे तो ओळख झाल्यापासून पाचव्या मिनिटाला सांगायचा. गर्व होता, आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नव्हती.

पण त्या बत्तीस वर्षांच्या आधी एक दिवस होता. तो कामावर नवा होता, अजून शिट्टी मिळायची होती. पत्र्याचा एक मोठा रोल वर चालला होता. कोपऱ्यात झाडू मारणारी एक बाई अचानक ओरडली, "थांबवा रे! कडी उघडतेय!" खालून झाडत असल्यामुळे साखळीची ती कडी तिलाच दिसली होती. सुपरवायझरनं मानही वळवली नाही. "तू झाडू मार," म्हणाला, "क्रेन आम्ही बघतो." पुढच्या दहा सेकंदांत रोल खाली आला आणि तेलपाणी करणाऱ्या माणसाचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. कंपनीनं चौकशी बसवली. दोष साखळीचा निघाला. साखळी भंगारात गेली, सुपरवायझरला बढती मिळाली.

तेव्हापासून शिट्टीच्या नाकावर जो राग बसला तो उतरलाच नाही. मिटिंगा, अर्ज, गेटसमोर धरणं, दोनदा निलंबन. शेवटी क्रेनखालच्या भिंतीवर त्यानं स्वतःच्या हातानं पिवळ्या रंगात लिहिलं: 'थांब म्हटलं की थांबायचं. का, ते नंतर.' कुणीही म्हणो. झाडूवाली म्हणो, पाणी भरणारा म्हणो, काल लागलेला पोऱ्या म्हणो. कंपनीनं दोन वेळा त्यावर चुना मारला, दोन्ही वेळा त्यानं पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा चुना संपला की कंपनीचा दम संपला, कोण जाणे. पण अक्षरं राहिली.

निवृत्तीनंतर हे सगळं राज्य घरामागच्या गॅरेजात आलं. गॅरेज म्हणजे एक अरुंद खोली, पत्र्याचं दार, एका भिंतीला लोखंडी कपाट, दुसऱ्या भिंतीवर खुंट्यांना मापानं टांगलेले पाने. मधोमध ती. जुनी, काळी, दोनशे चाळीस किलोंची मोटरसायकल. क्रेन चालवणाऱ्या दोस्तानं पोत्यांतून आणून दिली होती, अक्षरशः पोत्यांतून, तुकडे तुकडे. चार वर्षं लागली तिला उभं करायला. तिच्या मागच्या सीटवर बसून बायकोनं पहिल्यांदा समुद्र पाहिला होता. "समुद्र छान होता," असं बायको सांगायची, "पण पोचेपर्यंत माझ्या कमरेची वाट लागली." तरी दरवर्षी जायला तयार.

मग गुडघा गेला. उजवा. जिना उतरताना कटकट वाजायचा आणि कधी कधी मध्येच साथ सोडायचा. मार्चमध्ये गॅरेजात चाक काढताना गाडी कलली, हा भिंत आणि टाकी यांच्यामध्ये अडकला. बरगडीला चीर गेली. लेक हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात सिस्टर आहे. तिनं बापाचा एक्स-रे उजेडावर धरून पाहिला आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

बोलली ती आठवड्यानं. "बाबा, गाडी द्या कुणाला तरी."

"लिफ्ट आणतो," तो म्हणाला. "गाडी वर राहील, मी उभा राहून काम करीन. वाकायचं नाही, उचलायचं नाही. मग?"

आणि खरंच आणली. बंद पडलेल्या एका वर्कशॉपातली, पायानं दाबायची. लांब लोखंडी टेबल, खाली कात्रीसारखे दोन जाड हात. पायपट्टी दाबत गेलं की टेबल वर येतं, शेजारची दुसरी पट्टी दाबली की खाली. ठरावीक उंचीवर लोखंडी अडसर खाच्यात पडतो, खट्ट. मग टेबल किंचित खाली सोडून सगळं वजन त्या अडसरावर टेकवायचं. "तेलाच्या भरवशावर राहायचं नाही," तो बायकोला सांगायचा, "तेल दगा देतं. वजन लोखंडावर पाहिजे." बायको भाजी चिरता चिरता हं म्हणायची.

लेकीनं लिफ्ट पाहिली, चारी बाजूंनी फिरून पाहिली. मग अट घातली. "येत्या रविवारी मी येते. माझ्यासमोर गाडी चढवा, वर न्या आणि उतरवा. एकट्यानं. आईनं हात लावायचा नाही, मी लावणार नाही. कारण रोज इथे तुम्ही एकटेच असता. जमलं, तर मी जन्मात विषय काढणार नाही. नाही जमलं, तर गाडी जाणार."

"आणि गॅरेज?"

"गॅरेजात मग काय करणार, पाने मोजणार?"

"मान्य," तो म्हणाला. तडकाफडकी. जणू कुणी त्याला शिंगावर घेतलं होतं.

आठवडाभर त्यानं सराव केला. टेबलाच्या डाव्या बाजूला चालण्यासाठी फळ्यांची पायरी केली, म्हणजे गाडी वर चढताना आपण खाली राहून तोल जायला नको. इंजिन चालू ठेवायचं, पहिला गियर, क्लच अर्धा, आणि गाडीच्या बरोबरीनं चालत जायचं. पुढचं चाक टेबलाच्या टोकाला चाक धरणाऱ्या शिकंज्यात बसलं की इंजिन बंद. मग चार पट्टे, दोन पुढे, दोन मागे. टोक ओढलं की आवळणारे. ओढून झालं की उरलेलं टोक गुंडाळायचं आणि रबरात अडकवायचं. लोंबतं काही ठेवायचं नाही. हा त्याचा जुना नियम. कारखान्यात तो लोंबत्या शर्टाच्या माणसालाही क्रेनखाली उभा राहू देत नसे.

रविवारी दहा वाजता लेक आली. हातात पिशवी, चेहऱ्यावर वॉर्डातला चेहरा. बायको गॅरेजच्या उजव्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाला टेकून उभी राहिली.

"आई, तू फक्त बघायचं."

"मी चाळीस वर्षं तेच करतेय," बायको म्हणाली.

गाडी सुरू झाली. क्लच, पायरी, एक एक पाऊल. पुढचं चाक शिकंज्यात गप्पकन बसलं. लेकीच्या भुवया थोड्या वर गेल्या, ते त्यानं टिपलं. छाती फुगली. डावे दोन्ही पट्टे आवळले, टोकं गुंडाळली, रबर लावले. मग वळसा घालून उजवीकडे आला, आणि तिथे गुडघ्यानं कळ दिली. अशी की डोळ्यांपुढे अंधारी आली.

लेकीकडे त्याची पाठ होती. पट्टे त्यानं उभ्यानंच आवळले. मागच्याचं टोक हाताशी होतं, ते गुंडाळलं. पुढच्याचं टोक खाली पडलं होतं. ते उचलायचं तर वाकायला हवं होतं, आणि वाकलं असतं तर तोंडातून आवाज निघाला असता. तो वाकला नाही. पायानं टोक टेबलाखाली सरकवलं, न लंगडता तीन पावलं चालला आणि डाव्या बाजूला पायपट्टीपाशी येऊन उभा राहिला. त्या तीन पावलांना बत्तीस वर्षांची कमाई खर्ची पडली असेल.

डाव्या पायानं पट्टी दाबली. टेबल एक वीत वर आलं. त्यानं हँडल धरून गाडी हलवून पाहिली. घट्ट. पुन्हा दाबत गेला. पोटरीएवढं. अडसर अजून खाच्याच्या खाली होता, आणखी सात-आठ दाब.

"अहो, थांबा," बायको म्हणाली.

"काही नाही," तो म्हणाला आणि दाबलं.

"थांबा म्हणतेय ना!"

"अगं, मला कळतं!" आणि अजून एक दाब.

गाडी कण्हली. पुढचा भाग उजवीकडे दबला, हँडल वळलं, डावा पट्टा तारेसारखा ताणला गेला आणि काळी टाकी सावकाश, फार सावकाश, बायकोच्या दिशेनं झुकायला लागली. सरकवलेलं टोक लिफ्टच्या पायाशी, जमिनीवरच्या चाकाच्या कंसात अडकलं होतं. टेबल जेवढं वर, तेवढा पट्टा घट्ट. तो स्वतःच्या पायानं आपली गाडी पाडत होता.

लेक धावली, दोन्ही हात पुढे.

"हात लावायचा नाही!" तो असा ओरडला की पत्र्याचं दार थरथरलं. "दोघीही मागे! पडली तर पडू दे!"

लेक जागच्या जागी थिजली. बायको कपाटापासून सरकत पुढच्या भिंतीकडे गेली. गाडी झुकलेलीच राहिली. डाव्या पट्ट्यानं धरली होती. किती वेळ धरील, ते पट्टाच जाणे.

त्याचा पाय पायपट्टीवरून उचललेला, हवेत. कानात मात्र आवाज येत होता, आणि तो बायकोचा नव्हता. झाडू हातात धरलेल्या एका बाईचा होता. तू झाडू मार, क्रेन आम्ही बघतो. हे वाक्य आज कुणाच्या तोंडून निघालं होतं, ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

खाली सोडायची पट्टी डावीकडे होती. अडकलेलं टोक उजवीकडे. इथे उभं राहून ते दिसत नाही, आणि तिथे उभं राहून इथली पट्टी दाबता येत नाही.

"एकट्यानं होत नाही," तो म्हणाला. लेकीकडे बघून, स्पष्ट. "हरलो."

मग त्यानं गळ्यातली शिट्टी काढली. निवृत्तीनंतरही ती गळ्यातच असायची, लाल दोरीची. बायकोकडे फेकली. तिनं झेलली.

"बाजूला नको. पुढे, भिंतीशी उभी राहा. तिथून टोक दिसतं?"

"दिसतं."

"मी अगदी थोडं थोडं सोडणार. टोक कात्रीत जायला लागलं, गाडी हलली, नुसती शंका आली, वाजव. मी थांबीन."

"मघाशी पण थांबणार होतात."

"मघाशी मी मूर्ख होतो."

"मघाशीच का?" बायको म्हणाली आणि शिट्टी तोंडाला लावली.

त्यानं पट्टी हलकेच दाबली. टेबल बोटभर खाली आलं. शिट्टी. थांबला. "टोक ढिलं पडलं, पण कात्रीकडे सरकतंय," बायको म्हणाली. लेकीनं मागच्या भिंतीवरचा लांब आकडा आणला आणि लांबूनच टोक बाहेर ओढून घेतलं. पुन्हा दाब. बोटभर. पुन्हा शिट्टी, पुन्हा थांबा. असं अकरा वेळा. टेबल जमिनीला टेकलं तेव्हा तिघांच्याही पाठी घामानं भिजल्या होत्या. त्यानं डाव्या बाजूनं हँडलला आधार दिला, उजवा पट्टा बायकोनं ढिला केला. गाडी हुश्श करून सरळ झाली.

तो पायरीच्या फळीवर बसला. गुडघा दोन्ही हातांनी दाबला, आता आवाज निघाला तरी चालणार होतं, आणि निघाला.

"एवढं कधीपासून दुखतंय?" लेकीनं विचारलं.

"मघापासून. म्हणून वाकलो नाही. म्हणून टोक राहिलं." मग गाडीची किल्ली काढून पुढे केली. "घे. शब्द म्हणजे शब्द."

लेकीनं किल्लीकडे पाहिलं, घेतली नाही.

"तुमच्या दोघांचा शब्द झाला," बायको म्हणाली. "मला कुणी विचारलं? समुद्राला मी काय बसनं जाऊ?"

"आई, तू बघितलंस ना आत्ता..."

"बघितलं. तुझे बाबा एकटे असले की पडणार, हेही बघितलं. मग एकटे कशाला? कारखान्यात दहा टन कधी एकट्यानं उचललं का त्यांनी? अट घातलीस तू, आणि हो म्हणाले हे. दोघंही एकाच मातीचे."

लेकीला हसू आलं, ते तिनं गिळलं, पण सगळं गिळता आलं नाही. तिनं किल्ली घेतली आणि आईच्या हातात ठेवली. "मग ही तुझ्याकडे. तू गॅरेजात नसलीस तर लिफ्ट हलणार नाही. बाबा?"

तो फळीवरून उठला. भिंतीवर एक नजर टाकली, पाने, खुंट्या, एका ओळीपुरती रिकामी जागा. "मान्य," म्हणाला. ह्या वेळी थोडा वेळ घेऊन.

"आणि सोमवारी गुडघा दाखवायला यायचं."

"तेही मान्य. आता जरा सरका."

त्यानं टोक गुंडाळलं. वाकून. कण्हत, दोन शिव्या घालत, पण वाकून. रबर लावला. चारी पट्टे पुन्हा तपासले. बायको पुढच्या भिंतीशी, शिट्टी ओठांत. दाब. वीतभर वर, हलवून पाहिलं. पोटरीएवढं. शिट्टी! थांबला. "स्टँड खाली राहिलाय." त्यानं स्टँड वर केला. गुडघ्याएवढं. अडसर खाच्याजवळ आला. एक दाब, दोन. शिट्टी!

त्याचा पाय हवेत थांबला.

"काय झालं?" लेक पुढे होऊन बघायला लागली. "आई, काय दिसलं?"

बायकोनं शिट्टी ओठांतून काढली नाही. गाडीकडेही बघत नव्हती. त्याच्याकडे बघत होती.

तो एका पायावर उभा होता, दुखऱ्या. हात टेबलाच्या कडेला, दुसरा पाय पट्टीपासून वर. का, ते त्यानं विचारलं नाही. तोंड मिटून उभा राहिला, कपाळावरचा घाम नाकावर आला तरी.

बायकोनं मनातल्या मनात दहा मोजले असतील. मग शिट्टी तोंडातून काढली आणि हातानं वरचा इशारा केला, बोट गोल फिरवत. तो इशारा तिला कुणी शिकवला नव्हता. बत्तीस वर्षं तो जेवताना गोष्टी सांगायचा तेव्हा हात असेच हलायचे.

त्यानं दाबलं. खट्ट.

मग पाय दुसऱ्या पट्टीवर नेऊन टेबल किंचित खाली सोडलं, वजन लोखंडावर टेकेपर्यंत.