मंदाचा विषय

दीड महिन्यापूर्वी, शिरूरच्या शाळेत माझा दुसरा तास चालू असताना, ऑफिसात फोन आल्याचं शिपायानं सांगितलं. दौंडहून मंदाचे यजमान, सुभाषराव, बोलत होते. "ताई, मंदा गेली. पहाटे..." दोन वर्षं ती किडनीच्या आजाराशी झगडत होती. मी वर्गात परत गेले आणि उरलेला धडा शिकवून संपवला. दुसरं काय करावं ते सुचेना.

मंदा इनामगावजवळच्या वस्तीवरची, धनगराच्या घरातली. तिचे वडील, आप्पा, लहानपणी मेंढरांमागं हिंडलेले. पुढं त्यांनी घोड नदीच्या काठी जमीन घेऊन शेती धरली. शिरूरच्या कॉलेजात आम्ही दोघी समाजशास्त्राला होतो. मी बी.एड. केलं, तिनं पुण्यात विद्यापीठात मानववंशशास्त्र घेतलं. आप्पांना तो शब्द उच्चारताही येईना. "नोकरी लागंल का न्हाई, येवढंच सांग," ते म्हणाले. "ठावं न्हाई, आप्पा. पण मला ह्येच शिकायचंय." आप्पांनी अडवलं नाही, एवढं खरं. क्षेत्रकार्यासाठी वर्गातली बाकीची मुलं मेळघाटात गेली, मंदा मात्र घरी आली आणि प्रश्नावली घेऊन वडिलांसमोर बसली. मी तिथंच होते. "व्यवसाय?" तिनं विचारलं. आप्पा हसायलाच लागले. "तुला ठावं न्हाई व्हय?" "मला हाय, आप्पा. कागदाला न्हाई." मग आप्पा दिवस मावळेपर्यंत बोलत राहिले. कोकणात उतरायच्या वाटा, वाटेत जन्मलेली भावंडं, वाटेतच पुरलेली आजी... त्यातलं निम्मं मंदानंही कधी ऐकलेलं नव्हतं.

पदवी मिळाली, नोकरी मिळेना. दोन वर्षं तिनं दौंडात शिकवण्या घेतल्या. "मुलाखतीत माझा विषय वाचून आधी हसतात, मग चहा विचारतात," असं ती मजेत सांगायची. शेवटी नळयोजनेच्या सर्वेक्षणाचं काम मिळालं. तिथं एका धनगरवस्तीवरची कुलूप असलेली घरं 'रिकामी' म्हणून लिहिली जात होती. ती माणसं मेंढरं घेऊन बाहेर गेलीत, हे मंदाला ठाऊक होतं; ती परतेपर्यंत थांबू, असं तिनं सुचवलं. "मुदत संपली, मॅडम," साहेब म्हणाले. "सर, कायमचा सोडून जाणारा माणूस कुलूप कशाला लावील?" साहेबांनी ऐकलं नाही. पावसाळ्यात ती माणसं परतल्यावर मंदा रजा काढून पुन्हा घरोघर गेली आणि भरलेले फॉर्म साहेबांच्या टेबलावर ठेवून आली. नळ त्या वस्तीपर्यंत पोचले. पुढं दौंडच्या कॉलेजात ती प्राध्यापक झाली. तिचे विद्यार्थी आज कुणी कंपनीच्या कामगार विभागात आहेत, कुणी आरोग्य केंद्रात समुपदेशक. एक मुलगी तर नायब तहसीलदार झाली. ती बातमी मंदानं मला फोनवर तीनदा सांगितली होती.

गेल्या रविवारी दौंडला गेले. मंदाच्या खोलीत विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणाच्या वह्या गावागावांप्रमाणे लावलेल्या आहेत, आणि सुभाषराव दर रविवारी ती खोली मुलांसाठी उघडतात. केडगावची एक मुलगी खाली सतरंजीवर वाचत बसली होती. मीही एक वही घेऊन तिच्याशेजारी बसले. एका पानावर कुटुंबप्रमुखाचं पूर्ण नाव होतं आणि त्याखाली नुसतं 'पत्नी'. समासात मंदाची लाल पेन्सिल होती : "हिला नाव असेल ना? परत जाऊन विचार." त्याखाली विद्यार्थ्यानं निळ्या शाईत, जरा मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : हौसाबाई.