एक्स-रेची नोकरी आणि माझ्या व्हिसावरचा नवरा

अजूनही वर्षातून दोन-तीन फोन येतात. कुणाच्या मुलीला, कुणाच्या भाच्याला एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स करायचा असतो. पहिला प्रश्न ठरलेला, "बाहेर पगार किती मिळतो हो?" तो मी सांगते. दुसरा प्रश्न, "पुढे वाव आहे का?" इथे मी जरा अडखळते. वाव असतो, पण तो कुठे थांबतो आणि कशासाठी थांबतो ते कोर्सच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. माझं काय झालं तेवढं मी सांगू शकते.

मी मुंबईच्या एका पालिकेच्या रुग्णालयात डिप्लोमा केला आणि लग्नानंतर चिपळुणात एका खाजगी दवाखान्यात लागले. हे जवळच लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होते, कायम नोकरीत. आमची मुलगी दीड वर्षाची असताना कुवेतच्या सरकारी दवाखान्यांसाठी मुंबईत मुलाखती झाल्या. इराकबरोबरची लढाई संपून तीन-चार वर्षं झाली होती आणि त्यांना माणसं हवी होती. मुलाखतीत मला छातीचा एक्स-रे उभा का काढतात आणि आडवा कधी काढतात एवढंच विचारलं. महिन्याभरात पत्र आलं. चिपळुणात मला वर्षभरात जेवढं मिळे, तेवढं तिथे महिन्याला मिळणार होतं. माझ्या सासूबाईंनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "जा. पोरीला मी बघते."

दोन वर्षं मी नर्सेसच्या होस्टेलमध्ये राहिले. मग कुटुंब आणायची परवानगी मिळाली. सरकारी दवाखान्यातल्या बाईला आपल्या व्हिसावर नवऱ्याला आणता येत होतं, पण त्या व्हिसावर त्याला नोकरी करता येत नव्हती. हे मी फोनवर तीनदा स्पष्ट सांगितलं. हे म्हणाले, "कळलं. येऊन बघू." कारखान्याचा राजीनामा देऊन मुलीला घेऊन आले. सगळ्यांना वाटत होतं की एकदा पोचल्यावर काहीतरी सोय होईल. आम्हालाही वाटत होतं.

सोय झाली नाही. कुवेतच्या फरवानिया भागात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. मी सकाळी साडेसहाला दवाखान्याच्या बसमध्ये बसे. मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, दुपारी आणणं, बाजार, स्वयंपाक, सगळं ह्यांनी अंगावर घेतलं. मासळी बाजारात जाऊन झुबैदी, म्हणजे आपलं पापलेट, घासाघीस करून आणत. माझ्यापेक्षा चांगली आमटी करायला लागले. कुणाला खोटं वाटेल, पण घरात त्यावरून कधी वाद झाला नाही. गावाकडे मात्र आम्ही दोघंही मोघम बोलायचो. कुणी विचारलं तर ह्यांचं उत्तर असे, "एसीच्या लायनीत आहे." ते अगदीच खोटं नव्हतं. इमारतीतल्या सगळ्यांचे एसी हेच दुरुस्त करून देत आणि पैसे घेत नसत.

आमच्या खालच्या मजल्यावर मुरुडकडचे एक मुसलमान गृहस्थ राहत. शुवैखच्या गॅरेजांच्या भागात त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. मला वहिनी म्हणत. ह्यांची आणि त्यांची बरीच गट्टी होती. शुक्रवारी सकाळी दोघं खाली उभे राहून गाड्यांच्या इंजिनांवर तासभर बोलत.

दवाखान्यात माझं बरं चाललं होतं. साधे एक्स-रे, मग पोर्टेबल मशीन घेऊन वॉर्डात जाणं, मग सिटी स्कॅन. पाच-सहा वर्षांत मी सिटी स्कॅनवर एकटीने पाळी सांभाळू लागले. तेव्हा मोठ्या टेक्निशियनची एक जागा निघाली. मी अर्ज केला. आमचे मुख्य इजिप्तचे होते, सज्जन माणूस. त्यांनी मला बसवून नीट समजावलं. "तुझं काम मला माहीत आहे. पण तुझ्याकडे डिप्लोमा आहे, डिग्री नाही. डिप्लोमावाल्यांची पायरी इथे संपते. दरवर्षी थोडी वाढ मिळत राहील, पण पायरी बदलणार नाही."

त्याच सुमारास तिथल्या कॉलेजातून डिग्री घेऊन एक कुवेती मुलगी आमच्या विभागात आली. तिला सिटीचं काम शिकवायला मुख्यांनी मला सांगितलं. हुशार होती, आणि विचारायला लाजत नव्हती. दोन वर्षांनी मोठ्या टेक्निशियनची जागा तिला मिळाली आणि पुढे विभागाची मुदीरा, म्हणजे प्रमुख, तीच झाली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण तिच्यावर राग धरावा असं ती वागली नाही. मला कायम ताई म्हटल्यासारखं 'सिस्टर' म्हणे, आणि रजेचा अर्ज कधी अडवला नाही.

मग सालमियातल्या एका खाजगी दवाखान्याने मला बोलावलं. एक्स-रे विभागाची इन्चार्ज म्हणून. त्यांना डिग्रीचं काही पडलेलं नव्हतं, मशीन चालवणारं आणि दोन माणसं हाताखाली सांभाळणारं कुणीतरी हवं होतं. पगार आताच्यापेक्षा चांगलाच जास्त. मी जाऊन मशीन बघून आले. नवं कोरं होतं. पण खाजगीत गेले असते तर माझा अकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, सरकारीचा खाजगी झाला असता, आणि खाजगीतल्या बाईला नवऱ्याला आपल्या व्हिसावर ठेवता येत नव्हतं. म्हणजे ह्यांना परत जावं लागलं असतं. मुलगी तेव्हा चौथीत होती. मी त्या दवाखान्याला फोन करून नकार कळवला. घरी ह्यांना काही बोलले नाही. बोलून काय झालं असतं, ह्यांनी बॅग भरायला घेतली असती.

त्यानंतर वर्षभराने, एका मंगळवारी सकाळी मी कॅज्युअल्टीच्या एक्स-रेवर होते. हात, पाय, बोटं, रांग लागलेली. माझा केरळचा सहकारी दारातून आत डोकावून म्हणाला, "मॅडम, आपका हसबंड बाहर बैठा है. पेशंट है."

मी बाहेर आले. हे बाकावर बसले होते, उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला. चेहरा पांढरा पडला होता. शेजारी आमचे मुरुडवाले उभे. मला बघून त्यांनी मान खाली घातली.

"काय झालं?"

"दारात सापडलं बोट," हे म्हणाले. "गाडीच्या."

मी त्यांना आत घेतलं, टेबलाशी बसवलं आणि टॉवेल सोडला. मधलं बोट टोकाला चेचलं होतं, नख उचललेलं. आणि बाकीच्या चारी बोटांच्या नखांत, हाताच्या रेषांत काळं ग्रीस मुरलेलं होतं. एका दिवसाचं ते नव्हतं. घरी रोज हात साबणाने घासून, लिंबू लावून ते माझ्यासमोर येत असणार, हे मला तेव्हा समजलं. हातांना फोडणीचा, हळदीचा वास असायचा म्हणून मी कधी बघितलंच नव्हतं.

 मी हाताखाली फिल्मची कॅसेट ठेवली, बोट सरळ केलं. "हलू नका," एवढंच म्हणाले. एक समोरून, एक बाजूने. फिल्म धुऊन आली तेव्हा शेवटच्या हाडाचा तुकडा निघालेला स्वच्छ दिसत होता. सांध्याला धक्का नव्हता. मी फिल्म त्यांच्यासमोर दिव्यावर लावली आणि म्हटलं, "हाड मोडलंय. टाके पडतील, सहा आठवडे जातील. डॉक्टरांना दाखवून घरी जा. मी दोनला सुटते."

त्या दिवशी दुपारी मुलगी शाळेतून आल्यावर तिला जेवायला वाढून मी आतल्या खोलीत गेले. हे पलंगावर बसले होते, हात उशीवर.

"किती दिवस चाललंय हे?"

"झालं वर्ष."

"कुठे?"

"शुवैखला. त्यांच्या दुकानाशेजारी एक पाकिस्तानी उस्ताद आहे, कॉम्प्रेसर दुरुस्त करतो. मुलगी शाळेत गेली की जातो, ती यायच्या आत परत."

"धाड पडली असती तर तुम्हाला तिथून परस्पर विमानात बसवलं असतं. आणि व्हिसा माझा आहे. माझ्या नोकरीवर आलं असतं."

"माहीत आहे."

"पैशाची एवढी काय गरज पडली?"

 हे म्हणाले, "पैसे कधी घेतले नाहीत मी त्याच्याकडून. चहा घेतला." आणि मग, "सालमियाची जागा तू माझ्यामुळे सोडलीस ना?"

मला वाटत होतं हे कुणाला माहीत नाही. पण त्या दवाखान्यातला एक माणूस मुरुडवाल्यांच्या दुकानात गिऱ्हाईक होता. त्याने सहज विचारलं होतं, तुमच्या इमारतीतल्या त्या एक्स-रेच्या बाई आमच्याकडे का आल्या नाहीत.

"ते कळल्यावर मला घरात बसवेना," हे म्हणाले. "मी इथे राहतो म्हणून तुझं अडतं. आणि मी करतो काय, तर भात शिजवतो. भात शिजवायला लाज नाही मला. पण मी फिटर आहे गं. शेजाऱ्यांचे एसी सोडले तर सहा वर्षं हातात पाना नव्हता."

मी खूप चिडले होते, ते सगळं बोलायचं ठरवून आले होते. ते राहूनच गेलं. मी म्हटलं, "मला विचारायचं होतंत."

"तू विचारलंस?"

बाहेरून मुलीने हाक मारली, "आई, is Baba's hand okay?" मी म्हटलं, "हो, ठीक आहे, तू जेव."

बोट बरं व्हायला दोन महिने लागले. तेवढ्या काळात घरचं सगळं मी केलं आणि मला कळलं की हे किती काम करत होते. एक गोष्ट मात्र आम्ही ठरवली. पुन्हा चोरून जायचं नाही, आणि उघडपणे जायची वाट शोधायची. कुटुंबाच्या व्हिसावरून कामाच्या व्हिसावर जाता येण्याचा नियम कधी उघडे, कधी बंद होई. तो पुढे उघडला तेव्हा मुरुडवाल्यांनीच उस्तादच्या मालकाकडे शब्द टाकला. ह्यांचा अकामा एसी मेकॅनिक म्हणून झाला. पगार माझ्या पगाराच्या जेमतेम पाव. कामाच्या पहिल्या दिवशी हे पहाटेच उठून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, तिथे गेल्यावर कामाची डांगरी चढवायची आहे हे माहीत असून.

आता ह्यांचा व्हिसा माझ्यावर नव्हता. मी सालमियाला फोन केला. ती जागा केव्हाच भरली होती. दुसरीकडे दोन ठिकाणी विचारलं, पण तोपर्यंत खाजगीवालेही डिग्री मागायला लागले होते. मला वाटलं, आता निवृत्तीपर्यंत सिटीच्या काचेमागे बसायचं.

मग एक दिवस मुदीराने मला तिच्या खोलीत बोलावलं. आमच्या दवाखान्यात स्तनांच्या तपासणीचं मशीन येणार होतं. तिथे फक्त बायकाच काम करू शकत होत्या आणि त्यासाठी वेगळं शिक्षण घ्यायचं होतं.

"तुझी पायरी बदलणार नाही," ती आधीच म्हणाली. "मी लिहून पाहिलं. थोडा भत्ता मिळेल. पण खोली तुझी, मशीन तुझं, आणि नवीन मुली येतील त्यांना शिकवणारी तू."

"दुसरं कुणी नाही?"

"डिग्रीवाल्या आहेत. त्यांना हे मशीन नको आहे, पेशंट रडतात म्हणून. तू मला शिकवलंस तेव्हा पेशंट घाबरला तर आधी मशीन बंद करायचीस. माझ्या लक्षात आहे ते."

मी दोन दिवस मागितले. घरी ह्यांना विचारलं, या वेळी खरंच विचारलं. त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं?" मला ते काम करावंसं वाटत होतं. पगाराचा हिशेब केला तर फारसा फरक नव्हता, तरी वाटत होतं.

ते मशीन मी पुढे बरीच वर्षं चालवलं. वाळवंटाकडच्या म्हाताऱ्या बायका यायच्या, पायघोळ काळ्या कपड्यांत, मुलीचा हात घट्ट धरून. 'खुदी नफस', म्हणजे श्वास घ्या, एवढं अरबी मला आधीपासून येत होतं. तिथे आणखी पुष्कळ शिकले. दुखेल पण थोडंच, माझंही काढलंय, नातवंडं किती, असलं. नव्या कुवेती मुली दोन-तीन महिने माझ्या हाताखाली राहून जायच्या आणि त्यांचा पगार पहिल्या दिवसापासून माझ्यापेक्षा जास्त असायचा. सुरुवातीला हे टोचायचं. नंतर त्यातल्या एकीने फिल्म हातात घेऊन, मी न सांगता, कोपऱ्यातला तांदळाएवढा ठिपका दाखवला आणि विचारलं, "हे पुन्हा काढू का?" मी म्हटलं, काढ. तिने पेशंट बाईला पुन्हा उभं केलं, आधी मशीनची पट्टी स्वतःच्या तळहाताने ऊबदार करून घेतली, आणि मी बाहेर जाऊन पुढच्या बाईला आत बोलावायच्या तयारीला लागले.