परत झोप, सीन पूर्ण कर

ओमानात मार खाल्ला म्हणलं की तुमच्या डोळ्यांपुढं लगेच वाळवंट, उंट आणि चाबूक घेतलेला अर्बाब, म्हणजे अरब मालक, आला ना? काढून टाका. मी पालथा पडलो होतो तो मस्कतच्या अल मवालेहमधल्या एका व्हिलात, चकचकीत टाईल्सवर, एसीच्या गारव्यात, शुक्रवारच्या दुपारी, पोटात दोन वाट्या श्रीखंड घेऊन. आणि मानेवर गुडघा होता तो आपल्याच मराठी माणसाचा. माझ्या साहेबांचा.

आता म्हणाल, मग रडकी गोष्ट असणार. तेही नाही. लोक टाळ्या वाजवत होते.

मी ड्राफ्ट्समन. मस्कतमध्येच रुवीत ऑफिस, हमरियात खोली. पण कंपनीतल्या मराठी लोकांत माझं नाव ‘मिमिक्री’. साहेबांकडं शुक्रवारचं जेवण असलं की मला बोलावणं ठरलेलं. ताटं उचलली की साहेब म्हणणार, "चल हिरो, आयटम काढ." मी काढायचो. न्यूज अँकर, लिफ्टमधली मजले सांगणारी बाई, खुद्द साहेब बायकोशी फोनवर बोलताना. व्हिसाच्या रिन्युअलवर त्यांची सही व्हायची होती, त्यामुळं आवाज जरा जास्तच खुलायचा.

त्या दिवशी साहेबांचा मेहुणा अमेरिकेहून आलेला. श्रीखंड चाटत तो तिकडच्या पोलिसांवर सुटला. "देशात क्राईम वाढलाय. का? पोलिसांचे हात बांधलेत. रिफॉर्म म्हणे! छातीवर कॅमेरा लावा, ट्रेनिंग द्या, गोड बोला. पोलीस आहे का रिसेप्शनिस्ट?"

मी म्हणलं, "पण सर, मगाशी तुम्हीच म्हणालात, तुमच्या शहरात क्राईम कमी झालाय."

"तो पोलिसांनी दणके दिले म्हणून!"

म्हणजे वाढला तरी दणके, घटला तरी दणके. ग्राफ कुठंही जाऊ दे, दणका खाणारा तोच. मी हसलो. तो नाही हसला.

"ती काळी लोकं वेगळीच असतात," तो साहेबांना म्हणाला. "आपल्याकडं नाहीत का..." आणि माझ्याकडं बघून थांबला. माझं आडनाव त्यानं जेवणाआधीच विचारून घेतलं होतं.

साहेबांना सुचलं. "आज अमेरिकन पोलीस करू! तो मानेवर गुडघ्याचा सीन. मी पोलीस. काळा तू हो. तुला मेकअपही लागणार नाही."

सगळे खो-खो हसले. मीही हसलो. हे लिहून ठेवतो, मीही हसलो. आपल्या पायानं चालत मधोमध गेलो, पालथा झोपलो, हात पाठीमागं घेतले. तोंडानं सायरन वाजवला. बारकी पोरं नाचायला लागली. मेहुण्यानं मोबाईल काढला.

मग गुडघा आला. नव्वद किलोचा माणूस. आधी मजेत टेकवला. लोक हसले, तसा दाबला. गाल टाईलवर चपटा झाला. दात ओठात घुसला. कानात शिट्टी.

"साहेब, उठा."

हशा.

"साहेब, खरंच उठा."

टाळ्या. मेहुणा ओरडला, "काय ॲक्टिंग करतो राव! सेम टू सेम!"

आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज काढले. पहिल्यांदा माझा स्वतःचा निघाला, तो कुणालाच ओळखू आला नाही. मला आला. तो माझ्या बापाचा होता.

आमच्याकडं कुणाच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली की पोलिसांची जीप आधी आमच्या वस्तीत यायची. मी आठ वर्षांचा असताना आबांना उचललं. चौघांनी धरून, पाय बांधून, तळपायांवर पट्टा. मी ठाण्यात बाहेरच्या बाकावर, मांडीवर भाकरीचा डबा. हवालदार घाम पुसत पाणी प्यायला बाहेर आला आणि म्हणाला, "बाप बरा गातो रे तुझा." मी भ्यालो. भ्यालो आणि हसलो. मोटर नंतर दुसऱ्याच्याच उसात सापडली. दुसऱ्या दिवशी शाळेत मी त्या हवालदाराची नक्कल केली. माझी पहिली. पोरं लोळली. मला वाटलं, हसवलं की माणूस वाचतो.

त्या टाईलवर कळलं. वाचत नाही. फक्त मारणाऱ्याला मजा येते.

मी अंग पिळून कोपर मागं हाणलं. साहेबांच्या नाकावर बसलं. पांढऱ्या कुर्त्यावर लाल धार. मी उभा राहिलो. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या, अंगठीनं भुवई फाटली.

"गंमत कळत नाही? परत झोप. सीन पूर्ण कर. रविवारी तुझी फाईल माझ्याच टेबलावर येणार आहे."

"नाही झोपणार."

लाथ पोटात बसली. श्रीखंड सगळं गालिच्यावर.

"नाही झोपणार."

आता कुणी हसत नव्हतं. मी मेहुण्याकडं वळलो. "तो व्हिडिओ पाठवा मला. कॅमेरा नको म्हणत होतात ना? आज तुमच्याच हातात होता."

त्याचा अंगठा भराभर चालला. डिलीट.

बाहेर ऊन रणरणत होतं. एका भिंतीच्या बोटभर सावलीत बसलो आणि आबांना व्हिडिओ कॉल लावला. म्हणलं, नोकरी जाईल बहुतेक.

"नोकरीचं राहू दे. मान वळव." वळवली. "कुणी पाडलं?"

"कुणी नाही, आबा. मीच झोपलो. आयटम होता."

आबा माझ्यावर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी फोनचा आवाज कमी करावा लागला.

"मला चौघांनी धरून पाडलं होतं! आणि तू आपल्या पायानं जाऊन झोपलास? वर पोरांना हसवलंस? त्या दिवशी ठाण्यातल्या खोलीचं दार उघडं होतं. बाकावर हसताना दिसलास मला. लेकरू आहे म्हणून आजवर बोललो नाही, तीच चूक झाली माझी. ऊठ. तोंड धुऊ नको. असाच चौकीवर जा."

"पोलिसांकडं? आबा, तुम्ही सांगताय?"

"मीच सांगतोय! मी कुणाकडं गेलो नाही, म्हणून सांगतोय. ऐकून घेतलं नाही तर दारात बस. कुणी मारलं ते सांग. कोण कोण हसलं ते सांग. तू हसलास तेही सांग. आणि खबरदार, तिथं दुसऱ्या कुणाचा आवाज काढशील तर!"